ओहायोतली सह्यांची मोहीम : तूट ५३ हजारांची की दीड लाखाची?

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात यंग्स्टाउन स्टेट युनिव्हर्सिटीच्या काही प्राध्यापकांनी २०२५ च्या उन्हाळ्यात एक उद्योग अंगावर घेतला. विधिमंडळानं मंजूर केलेला आणि गव्हर्नरनं सही केलेला कायदा त्यांना रद्द करायचा होता, तोही मतदारांच्या सह्या गोळा करून. हव्या होत्या २,४८,०९२ सह्या. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुदत संपली तेव्हा जमल्या होत्या सुमारे १ लाख ९५ हजार. २७ जूनला कायदा लागू झाला.

या प्रकरणाबद्दल बोलताना बहुतेक जण 'थोडक्यात हुकलं' म्हणतात. बिनपैशाच्या मोहिमेनं पावणेदोन महिन्यांत दोन लाखांच्या आसपास सह्या जमवल्या, म्हणजे लोक बाजूनं होते, अजून दोन आठवडे मिळाले असते तर काम फत्ते झालं असतं, असा तो सूर. मला तो पटत नाही. मोहीम थोडक्यात हुकली नाही, आणि कमी पडली ती लोकांच्या पाठिंब्यात नाही. कुठे कमी पडली हे बघायचं तर कायद्यापेक्षा सह्या गोळा करण्याच्या नियमांकडे जास्त बघावं लागतं.

कायदा काय होता

सिनेट बिल १ हा सरकारी विद्यापीठं आणि कम्युनिटी कॉलेजांसाठीचा कायदा. जेरी सिरिनो या रिपब्लिकन सिनेटरनं तो मांडला. याच वळणाचं त्यांचं आधीचं विधेयक, सिनेट बिल ८३, मागच्या विधिमंडळात अडकून पडलं होतं. या वेळी गाडी सुसाट सुटली. १२ फेब्रुवारी २०२५ ला सिनेटमध्ये २१ विरुद्ध ११, १९ मार्चला प्रतिनिधीगृहात ५८ विरुद्ध ३४, आणि २८ मार्चला गव्हर्नर माइक डिवाइन यांची सही. सिनेटच्या मतदानाच्या आदल्या दिवशी समितीसमोर सुनावणी झाली. तिथं विरोधात बोलणाऱ्यांची रांग इतकी लांब होती की ती आठ तासांहून जास्त चालली. दुसऱ्या दिवशी विधेयक मंजूर.

कायद्यात विविधता आणि समावेशकतेची कार्यालयं व प्रशिक्षण बंद करणं आहे, कायम नोकरीतल्या प्राध्यापकांचं पुन्हा मूल्यमापन आहे, अभ्यासक्रमाचा तपशील सर्वांना दिसेल असा ऑनलाइन टाकणं आहे, 'वादग्रस्त' विषयांवर वर्गात वेगवेगळ्या मतांना वाव देण्याची सक्ती आहे, आणि तीन वर्षांच्या सरासरीत वर्षाला पाचपेक्षा कमी पदवीधर देणारे पदवी अभ्यासक्रम गुंडाळणं आहे. प्राध्यापकांच्या जिव्हारी लागलेलं आणखी एक कलम म्हणजे संपबंदी. यंग्स्टाउनच्या प्राध्यापकांनी ऑक्टोबर २०२० मध्येच संप केला होता. त्याआधी २०१९ च्या सुरुवातीला डेटनजवळच्या राइट स्टेट युनिव्हर्सिटीत वीस दिवसांचा संप झाला होता. विधेयकाच्या समर्थकांचं म्हणणं असं की फी भरून बसलेल्या विद्यार्थ्याचं सत्र प्राध्यापकांच्या भांडणात वाया का जावं, आणि कॅम्पसवर एकाच विचाराचा वरचष्मा का असावा. हा युक्तिवाद साफ पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. सामान्य मतदाराला त्यातला निम्मा तरी पटतो, आणि मोहिमेला अडचण इथूनच सुरू होते.

यंग्स्टाउन हे एके काळचं पोलादाचं गाव. १९ सप्टेंबर १९७७ ला तिथली मोठी गिरणी बंद झाल्याची घोषणा झाली आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. तो दिवस तिथं आजही 'काळा सोमवार' म्हणून ओळखला जातो. युनियन हा शब्द त्या गावात घरोघरी पोचलेला आहे. पण त्याच घरांनी गेल्या निवडणुकांत ट्रम्प यांना मतंही दिली आहेत. अशा गावातल्या विद्यापीठातून ही मोहीम निघाली, यात काही नवल नाही.

नव्वद दिवस, जे नव्वद नव्हते

आपल्याकडे सह्यांची मोहीम म्हणजे निवेदनाला जोडलेला गठ्ठा. कलेक्टर कचेरीत द्यायचा, पोच घ्यायची, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या सह्यांना कायद्यानं काडीचं वजन नसतं. ओहायोत वजन असतं. १९१२ च्या घटनादुरुस्तीनं तिथल्या मतदारांना विधिमंडळाचा कायदा मतपत्रिकेवर खेचण्याचा हक्क दिला. पुरेशा सह्या मुदतीत दाखल झाल्या की कायदा जागच्या जागी थांबतो आणि नोव्हेंबरच्या मतदानात त्याचा निकाल लागतो. एवढी धार असलेलं हत्यार म्हटल्यावर त्याची मूठही तशीच अवघड करून ठेवलेली आहे.

पहिली अट संख्येची: मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या ६ टक्के. २०२२ च्या मतदानावरून हा आकडा २,४८,०९२ येतो. दुसरी अट भूगोलाची: राज्यातल्या ८८ काउंटींपैकी निदान ४४ काउंटींमधून, प्रत्येकीत तिथल्या मतांच्या ३ टक्के सह्या. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा. कोलंबस, क्लीव्हलंड, सिनसिनाटी या तीन शहरांत टेबलं मांडून आकडा गाठला, असं करता येत नाही. अथेन्स, केंट, बोलिंग ग्रीन, ऑक्सफर्ड अशी विद्यापीठांची गावं धरली तरी ४४ होत नाहीत. जिथं विद्यापीठच नाही अशा शेतीवाडीच्या काउंटीत जाऊन 'प्राध्यापकांचा संपाचा हक्क वाचवा' म्हणत सह्या मागाव्या लागतात.

तिसरी अट मुदतीची: नव्वद दिवस. पण घड्याळ सुरू होतं कायद्याच्या बाजूनं, मोहिमेच्या बाजूनं नाही. आधी कायद्याचा सारांश लिहायचा, त्यावर हजार मतदारांच्या सह्या घ्यायच्या, आणि तो ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, द्यायचा. सारांश 'प्रामाणिक आणि खरा' आहे असं त्यानं प्रमाणित केल्याशिवाय खरी मोहीम सुरूच होत नाही. यंग्स्टाउनच्या मंडळींनी हजारांहून बऱ्याच जास्त सह्या झटपट जमवल्या. तरीही हिरवा कंदील मिळेस्तोवर मेचा पहिला आठवडा उजाडला. नव्वदातले जवळपास चाळीस दिवस कागदोपत्री गेले, उरले पन्नासच्या आसपास.

आणि मेचा पहिला आठवडा म्हणजे काय? अमेरिकन विद्यापीठांच्या वसंत सत्राचा शेवट. परीक्षा संपतात, पदवीदान उरकतं, वसतिगृहं रिकामी होतात. या कायद्यानं सर्वांत चिडलेले, सही द्यायला उभे आणि सह्या गोळा करायलाही तयार असलेले हजारो विद्यार्थी ज्या आठवड्यात घरी गेले, त्याच आठवड्यात सह्यांच्या पुस्तिका छापून हातात आल्या. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महागडा योगायोग हाच. कायद्यावर सही सप्टेंबरात झाली असती तर गोष्ट निराळी लिहावी लागली असती. मुद्दाम मार्चअखेर साधली असं म्हणायला पुरावा नाही. विधिमंडळाचं कामकाजच त्या सुमारास भरात असतं.

टेबलामागून

ओहायोत ऑनलाइन सही चालत नाही. शाईनं, स्वतःच्या हातानं, आणि गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत करावी लागते. सह्या सुट्या कागदावर घेता येत नाहीत, पुस्तिकेतच घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक पुस्तिकेत कायद्याचा संपूर्ण मजकूर छापलेला असावा लागतो. हा कायदा लांबलचक, म्हणून पुस्तिका जाडजूड. म्हणजे पंधरावीस सह्यांसाठी अख्खा कायदा छापायचा, असा हिशेब. छपाईचा खर्च देणग्यांतून उभा करावा लागला, आणि पुस्तिका टपालानं किंवा कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून राज्यभर पोचवाव्या लागल्या.

त्याहून त्रासदायक नियम काउंटीचा. एका पुस्तिकेत एकाच काउंटीतल्या मतदारांच्या सह्या. आता शनिवारच्या भाजीबाजारातलं टेबल डोळ्यांसमोर आणा. यंग्स्टाउन महोनिंग काउंटीत आहे, शेजारी ट्रम्बल आणि कोलंबियाना, आणि पूर्वेला थोड्याच अंतरावर पेनसिल्व्हेनिया राज्याची हद्द. समोर आलेल्या माणसाला पहिला प्रश्न 'कायदा तुम्हाला मान्य आहे का' असा विचारायचाच नाही. विचारायचं, 'तुमची मतदार नोंदणी कोणत्या काउंटीत आहे?' ट्रम्बलवाल्यानं महोनिंगच्या पुस्तिकेत सही केली की बाद. पेनसिल्व्हेनियातून शिकायला आलेल्या मुलानं, विद्यापीठ त्याचंच असलं तरी, सही केली की बाद. घर बदललं पण नोंदणीतला पत्ता बदलला नाही, तिथंही घोळ. म्हणजे टेबलावर निदान तीन काउंटींच्या पुस्तिका उघड्या ठेवायच्या आणि गर्दीत माणूस घाईघाईनं चुकीची उचलणार नाही यावर नजर ठेवायची.

पुस्तिका भरली की शेवटच्या पानावर गोळा करणाऱ्याचं निवेदन. इतक्या सह्या माझ्यासमोर झाल्या, असं आकडा घालून लिहून द्यायचं. लिहिलेला आकडा प्रत्यक्ष सह्यांपेक्षा कमी भरला तर एखादी सही नाही, ती सगळी पुस्तिका धोक्यात. वर ठळक अक्षरांत तंबी छापलेली: खोटी माहिती देणं हा पाचव्या श्रेणीचा गंभीर गुन्हा आहे. निवृत्त शिक्षिका, ग्रंथपाल, एखादी विद्यार्थ्याची आई, अशा हौशी माणसांकडून हे सगळं बिनचूक करून घ्यायचं म्हणजे प्रशिक्षण आलं, तपासनीस आले, चुका परत पाठवायची व्यवस्था आली. पगारी सह्या गोळा करणाऱ्या कंपन्या नेमक्या याचेच पैसे घेतात. इथं पगारी माणूस एकही नव्हता.

तरी सह्या येत गेल्या. जूनमधले समलिंगी समुदायाचे प्राइड मेळावे, वाचनालयांबाहेरची टेबलं, आणि १४ जूनला ट्रम्प यांच्याविरोधात देशभर झालेली 'नो किंग्स' निदर्शनं यांनी हात दिला. पन्नास दिवसांत १ लाख ९५ हजार म्हणजे दिवसाला जवळजवळ ३,९००. फुकट काम करणाऱ्यांच्या बळावर झालेल्या मोहिमेसाठी हा आकडा थक्क करणारा आहे, आणि तो आयोजकांनी अभिमानानं सांगितला तर त्यात गैर काहीच नाही.

खरी तूट

पण गोळा झालेली सही आणि ग्राह्य धरलेली सही यांत मोठं अंतर असतं. ते किती, हे याच राज्याच्या चौदा वर्षांपूर्वीच्या अनुभवावरून काढता येतं.

२०११ मध्ये गव्हर्नर जॉन केसिक यांनी सिनेट बिल ५ वर सही केली. त्या कायद्यानं शिक्षक, पोलीस, अग्निशमन दलाचे जवान अशा साडेतीन लाखांच्या घरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटीचा हक्क छाटला. सगळ्या युनियन 'वी आर ओहायो' या नावाखाली एक झाल्या. तारीखही तशीच, सही ३१ मार्चची. घड्याळ तेच, नियम तेच. २९ जूनला त्यांनी ट्रकभर खोकी मिरवणुकीनं नेऊन दाखल केली: १२,९८,३०१ सह्या. तपासणीत ग्राह्य ठरल्या ९,१५,४५६. लागत होत्या २,३१,१४७. ऑगस्टमध्ये गव्हर्नर तडजोडीची भाषा बोलू लागले, युनियननी ऐकलं नाही, आणि ८ नोव्हेंबरला ६१ टक्क्यांहून जास्त मतदारांनी कायदा फेकून दिला.

आता साधा हिशेब. तेव्हा शंभरातल्या सत्तर सह्या टिकल्या. तेच प्रमाण २०२५ ला लावलं तर १ लाख ९५ हजारांपैकी टिकल्या असत्या १ लाख ३७ हजारांच्या आसपास. उलट बाजूनं, २,४८,०९२ ग्राह्य सह्या हातात पडायच्या तर गोळा करायला हव्या होत्या साडेतीन लाख. तूट ५३ हजारांची दिसते, पण खरी दीड लाखाच्या वरची. दिवसाला ३,९०० ऐवजी ७,००० लागत होत्या. हौशी मोहिमेत गठ्ठ्यांची तपासणी चोख असेल तर गळती थोडी कमी होते हे मान्य, पण तेवढ्यानं दीड लाखाचं भगदाड बुजत नाही. शिवाय ४४ काउंटींची अट वेगळी.

म्हणून 'अजून दोन आठवडे' हा दिलासा फोल आहे. त्या वेगानं अजून चाळीस दिवस लागले असते. ॲटर्नी जनरलच्या टप्प्यात गेले तेवढेच.

मोठे भाऊ कुठे होते?

मोहिमेभोवती सर्वांत कडवट चर्चा या प्रश्नावर झाली. राज्यपातळीवरच्या बलाढ्य शिक्षक आणि प्राध्यापक संघटना, ज्यांनी २०११ मध्ये जीव तोडून काम केलं होतं, त्यांनी या वेळी तिजोरी उघडली नाही. कायद्याला त्यांचा विरोध होता, शुभेच्छाही होत्या. यंग्स्टाउनच्या स्थानिक शाखेनं मात्र सगळं स्वतःच्या नावावर, जवळपास स्वतःच्या हिमतीवर केलं.

भ्याडपणा म्हणून याची वासलात लावणं सोपं आहे. मला संघटनांचा हिशेब समजतो. राज्यभराची पगारी मोहीम लाखो डॉलर खाते, आणि ती जिंकली तरी पुढे नोव्हेंबरपर्यंतच्या प्रचाराचा खर्च त्याच्या कित्येक पट. २०११ च्या कायद्यात पोलीस आणि फायरमन होते. गावातल्या फायरमनचा पगार कापू नका म्हटलं की कट्टर रिपब्लिकन घरातूनही सही मिळते. तेव्हा ८८ पैकी ८२ काउंटींत कायद्याचा पराभव झाला तो उगाच नाही. २०२५ चा कायदा फक्त उच्च शिक्षणापुरता. शाळामास्तरांनाही तो लागू नाही. प्राध्यापकाच्या कायम नोकरीसाठी गल्लीतला मेकॅनिक पेन उचलेल का? काही उचलतात, पुरेसे उचलत नाहीत. विधिमंडळानं २०११ मधून एवढा धडा नक्की घेतलेला दिसतो की सगळ्यांना एकाच कायद्यात बांधलं की ते एक होतात, आणि एकेकाला वेगळं गाठलं की बाकीचे लांबून शुभेच्छा देतात.

त्याच वसंतात युटा राज्यात याची उलटी बाजू दिसली. तिथल्या हाउस बिल २६७ नं सगळ्याच सरकारी कर्मचाऱ्यांची सामूहिक वाटाघाट बंद केली. शिक्षक, फायरमन, पोलीस सगळे अडकले. शिक्षक संघटनेसह एकोणीस युनियन एकत्र आल्या. मुदत होती तीस दिवसांची, म्हणजे ओहायोहून कमी. हव्या होत्या १,४०,७४८ सह्या. दाखल झाल्या ३ लाख २० हजारांहून जास्त, ग्राह्य ठरल्या २,५१,५९०. कायदा थांबला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये, मतदान व्हायच्या आधीच, विधिमंडळानं तो स्वतःच मागे घेतला. लोकसंख्येनं ओहायोच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, पक्क्या रिपब्लिकन राज्यातली ही गोष्ट.

तरीही ओहायोतल्या मोठ्या संघटनांना मी पूर्ण मोकळं सोडणार नाही. मोहीम हरणार असा त्यांचा अंदाज असेल तर आर्थिक बळ न देणं ठीक, पण एप्रिलचे ते चाळीस दिवस फुकट जात असताना छापखाना, ४४ काउंटींतल्या निवृत्त शिक्षकांच्या याद्या, आणि २०११ मध्ये सह्या तपासलेली माणसं उसनी देता आली असती. यात पैसा फारसा नव्हता. यंग्स्टाउनकरांकडे हे तिन्ही नव्हतं, आणि त्यांनी ते शून्यातून उभं केलं, जेव्हा उभं करायला वेळच नव्हता.

नंतर

कायदा लागू व्हायच्या आधीच विद्यापीठांनी आवराआवर सुरू केली होती. ओहायो युनिव्हर्सिटीनं एप्रिलमध्येच महिला केंद्र, प्राइड सेंटर आणि बहुसांस्कृतिक केंद्र बंद करण्याचं जाहीर केलं, तर टोलेडोच्या विद्यापीठानं नऊ पदवी अभ्यासक्रमांना प्रवेश थांबवला. म्हणजे मतपत्रिकेपर्यंत मजल गेली असती तरी काही दारं पुन्हा उघडली असती की नाही, शंकाच आहे.

सिनेट बिल १ पुरता तो रस्ता आता बंद झाला. नव्वद दिवस एकदाच मिळतात. उरतो लांबचा मार्ग: मतदारांनी स्वतः विधेयक मांडायचं, ३ टक्के सह्यांनिशी ते विधिमंडळापुढे ठेवायचं, चार महिन्यांत त्यांनी मंजूर केलं नाही तर आणखी ३ टक्के सह्या गोळा करून मतपत्रिकेवर न्यायचं. दोन फेऱ्या, दोन तपासण्या, आणि दोन्ही वेळा ४४ काउंटी. पहिल्या फेरीला मात्र नव्वद दिवसांचा फास नाही, त्यामुळे पुस्तिका सत्राच्या मध्यावर, भरलेल्या कॅम्पसवर उघडता येतात. टक्केवारीचा आधार बदलेल तो नोव्हेंबर २०२६ च्या गव्हर्नर निवडणुकीनंतर. त्या दिवशी किती लोक मतदानाला बाहेर पडतात, यावर पुढच्या मोहिमेला किती सह्या लागतील ते ठरेल.